दर आठवड्याला उतरणारी बॅटरी: २००३च्या बॉक्सटरचा प्रकरण अभ्यास

गाडी पोर्श बॉक्सटर एस, ९८६ पिढीतली, २००३ सालची. सीटच्या मागे ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, मॅन्युअल गिअर, कापडी छप्पर. बॅटरी पुढच्या डिकीत, समोरच्या काचेच्या पायथ्याशी, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. मालक ती सुटीच्या दिवशीच काढतात, एरवी ती उघड्यावर एका झाडाखाली उभी असते. तक्रार अशी, की पाच-सहा दिवस उभी राहिली की गाडी सुरूच होत नाही. बॅटरी जुनी झाली असेल म्हणून त्यांनी एका गॅरेजमध्ये ती बदलून घेतली. वर्ष व्हायच्या आत नवीही तसाच त्रास देऊ लागली. मग तिथेच त्यांना सांगण्यात आलं, की जुनी स्पोर्ट्स कार म्हटल्यावर हे चालायचंच. रोज चालवा, नाहीतर बॅटरीची तार काढून ठेवा.

हा सल्ला जुन्या गाड्यांच्या मालकांना सर्रास मिळतो आणि ऐकताना पटतोही. आकडे मांडले की मात्र तो टिकत नाही. लॉक करून ठेवलेल्या गाडीलाही थोडा करंट लागतोच: घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, ईसीयूची म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची मेमरी. ९८६मध्ये हा करंट ३० ते ४० मिलिअँपिअरच्या घरात असतो आणि त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना ५०पर्यंत चालतं. ४० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जेमतेम १ अँपिअर-तास खर्च होतो. या गाडीतली बॅटरी ७० अँपिअर-तासांची. म्हणजे सहा दिवसांत दहावा हिस्साही संपायला नको. महिनाभर उभी राहिली तरी निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक राहतो आणि चांगली बॅटरी तेवढ्यावर इंजिन सहज फिरवते.

मालकांनीच बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली. "अहो, मागच्या उन्हाळ्यात दीड महिना गाडीला हात लावला नव्हता, आणि एका सेल्फमध्ये सुरू झाली." जी गाडी उन्हाळ्यात दीड महिना तग धरते आणि पावसाच्या दिवसांत सहा दिवसांत मान टाकते, तिचा आजार बॅटरीत नाही. बॅटरी कोणीतरी खातंय, आणि ते खाणारं रोज हजर नसतं. तपासाची दिशा इथेच ठरली.

आत शिरण्यापासून सुरुवात

मी पोहोचलो तेव्हा गाडी पूर्ण मेलेली होती. रिमोटला प्रतिसाद नाही, आतले दिवे नाहीत, सेल्फ मारल्यावर टिक असा आवाजही नाही. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि पुढच्या डिकीचा खटका विजेवर चालणारा. म्हणजे बॅटरीपर्यंत पोहोचायला बॅटरीच हवी. ९८६च्या सुरुवातीच्या वर्षांत दाराच्या उंबऱ्याशी केबलने चालणारे लिव्हर होते, तिथे हा प्रश्न येत नाही. नंतरच्या गाड्यांत तिथेच विजेची बटणं आली आणि अशी अडचण झाली की लोक घाबरून पाना घेऊन बॉनेटच्या कडेशी झटापट करतात. रंग उडतो, खटका वाकतो आणि डिकी तरीही उघडत नाही. तसं करायची काहीच गरज नाही, कारण कंपनीनेच वाट ठेवलेली आहे.

दार किल्लीने उघडायचं. दाराचं कुलूप यांत्रिक आहे. इथे एक काळजी घ्यायची. या गाडीच्या दारांना काचेभोवती चौकट नाही. दार उघडताना काच किंचित खाली सरकते आणि बंद केल्यावर वर जाऊन छपराच्या रबरात बसते. बॅटरी मेलेली असली की काच हलत नाही, म्हणून दार हळूच, काच रबरातून सोडवत उघडावं लागतं, आणि काम होईपर्यंत ते जोरात लावायचं नाही. जोरात आपटलं तर वरचं रबर फाटू शकतं आणि काचेलाही धक्का बसतो.

पायांजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे फ्यूज बॉक्स आहे. त्यात फ्यूजच्या ओळींमध्ये एक लाल तुकडा दिसतो. तो बोटांनी किंवा फ्यूज काढायच्या चिमट्याने बाहेर ओढला की तो पॉझिटिव्ह टर्मिनल म्हणून वापरता येतो. बाहेरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची लाल तार तिथे लावायची आणि काळी तार दाराच्या चौकटीतल्या लोखंडी खुंटीला, जिच्यात दाराचं कुलूप अडकतं. तार लागताच हॉर्न वाजायला लागतो, कारण गाडीच्या हिशेबाने ती अजून लॉक आहे आणि कोणीतरी घुसलंय. रिमोटचं बटण दाबलं की तो थांबतो. मग डिकीचं बटण दाबायचं आणि खटका सुटल्याचा आवाज ऐकून बॉनेट उचलायचं.

या टर्मिनलवरून गाडी सुरू करायचा प्रयत्न करू नये. ती तार फक्त खटका उघडण्यापुरती आहे, तिच्यातून स्टार्टरचे शेकडो अँपिअर जाणं शक्य नाही. फ्यूज उडेल किंवा वायरिंग जळेल. दुसरं म्हणजे, बॅटरी जिवंत होऊन जाग्यावर बसेपर्यंत पुढचं बॉनेट बंद करायचं नाही. आम्ही खटक्याजवळ जाड फडकं दुमडून ठेवलं, म्हणजे कोणी चुकून हात ठेवला तरी ते लागणार नाही.

अशा गाड्या किती वेगवेगळ्या तऱ्हेने अडवतात, ते माहीत असलेलं बरं. पहिल्या पिढीच्या माझदा मिआटामध्ये बॅटरी मागच्या डिकीत असते आणि डिकी किल्लीने उघडते, तिथे काही नाट्य नाही. पण तिला सीलबंद बॅटरी आणि गॅस बाहेर नेणारी नळी लागते, कारण ती बंद जागेत बसलेली असते. उलट, ज्या गाड्यांची दारंच विजेवर उघडतात त्यांच्यात कुठेतरी एक लपवलेली यांत्रिक वाट असते. आपल्या गाडीत ती कुठे आहे हे बॅटरी ठणठणीत असतानाच मॅन्युअलमध्ये पाहून प्रत्यक्ष एकदा करून पाहावं.

बॅटरीवर मीटर लावला: ३.१ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, निम्मी १२.२च्या आसपास, आणि १२च्या खाली गेली की ती जवळपास रिकामी. ३.१ म्हणजे ती रिकामी होऊन बरेच दिवस तशीच पडली होती. मालकांना धक्का मारून गाडी सुरू करायची होती, मॅन्युअल गिअर आहे म्हणून. पण एवढ्या व्होल्टेजवर इंजेक्शन, फ्यूएल पंप आणि इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) यांतलं काहीच जागं होत नाही. कितीही ढकलली तरी ती पेटणार नाही, आणि अर्धवट पेटली तर न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

जंप देऊन सुरू करता आली असती. मी तो मार्ग टाळायला सांगितला, आणि त्याचं कारण तपासाशी निगडित नाही. इतक्या खोलवर उतरलेली बॅटरी चार्ज करणं हे अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राचं, काम नव्हे. तो पूर्ण ताकदीने करंट ओतत राहतो, तापतो, आणि या गाडीत तो इंजिनच्या अशा कोपऱ्यात आहे की काढायला बरीच खटपट करावी लागते. म्हणून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह अशा क्रमाने तारा सोडवून बॅटरी बाहेर काढली आणि मोकळ्या हवेच्या जागी चार्जला लावली. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. ठिणगी लांब ठेवावी.

मालकांच्या स्मार्ट चार्जरने बॅटरी ओळखलीच नाही. असे बरेच चार्जर ठरावीक व्होल्टेजच्या खाली बॅटरी जोडलेली आहे असं मानतच नाहीत, आणि लोक समजतात की बॅटरी कायमची गेली. आम्ही व्होल्टेज आणि करंट दोन्हींना मर्यादा घालता येणारा बेंच पॉवर सप्लाय लावला: १४.४ व्होल्ट, ५ अँपिअर. सुरुवातीला व्होल्टेज लगेच १४.४ला टेकलं आणि करंट काही मिलिअँपिअरच. प्लेटांवर लेड सल्फेट जमलं की असं होतं; बॅटरी करंट घेतच नाही. तासाभरात आकडा हळूहळू चढू लागला आणि नंतर ती पुरे ५ अँपिअर घेऊ लागली. रात्रभर ती तशीच ठेवली.

पहिला संशय कोणावर?

बॅटरी उतरते तेव्हा दोनच शक्यता असतात: ती भरत नाही, किंवा रिकामी केली जाते. पहिली पटकन निकालात निघते. बॅटरी बसवून गाडी सुरू केली. आयडलवर टर्मिनलवर १३.९ व्होल्ट, हेडलाइट आणि ब्लोअर चालू करूनही १३.६. मीटर एसी व्होल्टवर घेऊन पाहिलं तर रिपल, म्हणजे डीसीत मिसळलेली एसीची लहर, ०.१ व्होल्टच्याही खाली, म्हणजे अल्टरनेटरचे डायोड शाबूत. डायोड गळका असला तर तो गाडी बंद असतानाही बॅटरीतून करंट ओढतो, म्हणून हे तपासणं टाळू नये. या पिढीच्या पोर्शमध्ये अल्टरनेटर आणि स्टार्टरला जोडणारी जाड केबल गंजते, तिच्यावरचा व्होल्टेज ड्रॉपही पाहिला. तोही किरकोळ निघाला.

मग उरलं रिकामं करणारं कोणीतरी. या गाड्यांच्या जाणकारांचा पहिला संशय इग्निशन स्विचच्या विद्युत भागावर जातो. तो झिजला की किल्ली काढल्यावरही गाडीला किल्ली आत आहे असंच वाटतं, रेडिओ बंद होत नाही, मॉड्यूल (गाडीतले छोटे नियंत्रक संगणक) झोपत नाहीत. इथे किल्ली काढल्यावर रेडिओ दार उघडताच बंद होत होता आणि किल्लीची घंटीही शांत होती. हा संशयित सुटला. नंतर बसवलेलं काही उपकरण? ट्रॅकर नाही, डॅशकॅम नाही, वेगळा स्टिरिओ नाही. पुढच्या डिकीतला दिवा बंद होतो का, हे मोबाइलवर व्हिडिओ चालू करून मोबाइल आत ठेवून, बॉनेट लावून पाहिलं. होत होता.

इथवरचं काम कोणीही नीट करू शकतं. गॅरेजमध्ये खरा घोळ होतो तो पुढच्या टप्प्यावर, करंट मोजताना.

झोपलेल्या गाडीचा करंट

नेहमीची पद्धत अशी: बॉनेट उघडं, दार उघडं, निगेटिव्ह तार काढायची, मध्ये मीटर लावायचा, आकडा वाचायचा, मग एकेक फ्यूज उपसत जायचं. या पद्धतीत जवळजवळ प्रत्येक पायरी पुरावा पुसते. दार उघडं म्हणजे गाडी जागी. तार काढली म्हणजे सगळे मॉड्यूल रीसेट, आणि जे अडकलं होतं ते सुटून जातं. फ्यूज काढून परत लावला म्हणजे त्या शाखेवरची उपकरणं पुन्हा जागी. मग मीटरवर जो आकडा येतो तो त्या क्षणाचा असतो. गाडी रात्री दोन वाजता काय करते, त्याचा पत्ताच लागत नाही. अधूनमधून येणाऱ्या दोषात ही पद्धत हमखास "सगळं ठीक आहे" असं सांगते, आणि मग बॅटरी बदलली जाते.

आम्ही उलट वाटेने गेलो. बॉनेट उघडं ठेवून त्याच्या कुलपातला खटका स्क्रूड्रायव्हरने आत ढकलला, म्हणजे गाडीला ते बंद वाटतं आणि डिकीतला दिवा विझतो. दोन्ही दारांच्या कुलपांचंही तसंच केलं, कारण फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोहोचायला दार उघडं हवं होतं. हे खटके नंतर हँडल ओढून सोडवायला विसरू नये, नाहीतर दार लावताना कुलूप खुंटीवर आपटतं. किल्ली काढून खिशात ठेवली. निगेटिव्ह पोस्ट आणि तार यांच्यामध्ये आधी एक जाड जंपर लावला, मग तार पोस्टवरून उचलली, मग जंपरला समांतर मीटर जोडला. गाडीचा पुरवठा एक क्षणही तुटला नाही. रिमोटने लॉक केलं, थांबलो, आणि मग जंपर काढला, जेणेकरून सगळा करंट मीटरमधून जाईल. आधी लॉक आणि नंतर जंपर, हा क्रम महत्त्वाचा आहे. लॉक होताना मोटर मोठा करंट ओढतात आणि मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज त्यात जाऊ शकतो.

काही मिनिटांत आकडा ३८ मिलिअँपिअरवर येऊन थांबला. अगदी आदर्श. इथे मीटर गुंडाळला असता तर "गाडी ठीक आहे, बॅटरीच खराब" असा अहवाल झाला असता आणि तिसरी बॅटरी आली असती.

मीटरला कमाल आणि किमान नोंदवायची सोय होती. त्याचं आपोआप बंद होणं रद्द करून तो तसाच जोडून ठेवला. सकाळी कमाल नोंद २.१ अँपिअर होती आणि पडद्यावर त्या वेळी ३८० मिलिअँपिअर. कोणी गाडीजवळ गेलं नव्हतं. हलकी झोप असलेल्या माणसासारखी ती मध्येच स्वतःहून जागी झाली होती, आणि परत झोपलीच नव्हती.

३८० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ९ अँपिअर-तासांहून थोडं जास्त. भरलेली ७० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी, आठव्या दिवशी रिकामी. रोज सारख्याच वेळी जागी होत नसेल तर पाच-सहा दिवस ही मालकांची तक्रार नेमकी या हिशेबात बसते.

आता खाणारा समोर होता आणि जागा होता. त्याला न हलवता पकडायचं, तर फ्यूज उपसून चालणार नव्हतं. प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर घेऊन त्या दोन ठिपक्यांवर टोकं टेकवायची. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर त्याच्या स्वतःच्या रोधामुळे बारीकसा व्होल्टेज दिसतो. साध्या आकाराच्या १५ अँपिअरच्या फ्यूजचा रोध ५ मिलिओमच्या आसपास असतो. म्हणजे २ मिलिव्होल्ट दिसले तर साधारण ४०० मिलिअँपिअर वाहतायत. त्यासाठी मीटरने ०.१ मिलिव्होल्ट दाखवायला हवा. स्वस्तातल्या मीटरचा शेवटचा आकडा इथे निरुपयोगी ठरतो.

एकामागून एक शून्य, शून्य, ०.१. मग एका १५च्या फ्यूजवर १.८. तो फ्यूज अलार्म आणि सेंट्रल लॉकिंगच्या मॉड्यूलचा होता.

गालिच्याखाली

हे मॉड्यूल ९८६मध्ये सीटखाली बसतं, अगदी तळाच्या पत्र्यालगत. लॉकिंग, अलार्म, इमोबिलायझर, आतले दिवे, काचा, छप्पर, सगळ्यात त्याचा हात असतो. कन्व्हर्टिबलमध्ये ही जागा त्याच्यासाठी बरी नाही, कारण गाडीत पाणी शिरलं तर ते सर्वांत आधी तिथेच साचतं. गालिचा वरून कोरडा होता. मालक म्हणालेही, "आत पाणी येत नाही हो, मी नेहमी हात लावून बघतो." गालिच्याखाली मात्र दोन बोटं जाडीचा फोम असतो. सीट पुढे सरकवून गालिच्याची कड उचलली, फोमवर तळहात दाबला, आणि बोटांच्या फटींतून गढूळ पाणी वर आलं. कुबट वास तर होताच. जुन्या गाडीचा म्हणून सगळ्यांनी तो गृहीत धरला होता.

बॅटरी सोडवून मग सीटचे बोल्ट काढले. सीटखालचे कनेक्टर बॅटरी जोडलेली असताना काढले की एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला वेगळं यंत्र लागतं. मॉड्यूल हातात आलं तेव्हा खोक्याच्या तळाशी पाण्याच्या रेघा दिसत होत्या आणि कनेक्टरच्या खालच्या ओळीतल्या पिनांवर हिरवट-पांढरा थर होता. असा थर ओला असला की पिनांमधून बारीक करंट गळतो. मॉड्यूलला वाटतं की दार उघडलं किंवा कोणी बटण दाबलं, ते जागं होतं, काही सेकंद सगळी यंत्रणा चालवतं, मग अर्धवट झोपतं. उन्हाळ्यात फोम वाळत होता, तेव्हा आजार गायब होत होता.

पाणी कुठून आलं, ते शोधायला फार वेळ लागला नाही. छप्पर अर्धं उघडून मध्येच थांबवलं की मागच्या झाकणाखाली दोन्ही बाजूंना, बिजागऱ्यांजवळ, पाणी वाहून नेणारी छिद्रं दिसतात. छपरावरून ओघळलेलं पाणी तिथून नळीने गाडीच्या खाली, मागच्या चाकांच्या पुढे जातं. दोन्ही छिद्रांवर कुजलेल्या पानांचा काळा गोळा बसला होता. बाहेर जायला वाट नसलेलं पाणी आत वळत होतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या कोणत्याही कापडी छपराच्या गाडीत हे होणारच. यात गाडीच्या वयापेक्षा पानांचा भाग मोठा आहे.

गोळा हाताने काढला आणि नळ्या जाडसर नायलॉनच्या दोऱ्याने, गवत कापायच्या यंत्रात असतो तसल्या, हलक्या हाताने मोकळ्या केल्या. हवेचा जोरदार झोत मारायचा मोह होतो. तो आवरावा. आतला नळीचा सांधा निसटला तर पाणी कायमचं आतच पडत राहील आणि बाहेरून नळी मोकळी दिसेल. मग तांब्याने थोडं थोडं पाणी ओतून दोन्ही बाजूंनी ते जमिनीवर किती लवकर येतं ते पाहिलं. तेवढ्यातच पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॅटरीच्या दोन्ही बाजूंना असलेली छिद्रंही साफ केली. ती तुंबली की पाण्याचा मोर्चा बॅटरीकडे वळतो.

फोम वाळवणं हेच सगळ्यात रटाळ काम. वरून पंखा लावून तो वाळत नाही. गालिचा पूर्ण उचलून खाली हवा खेळती ठेवावी लागते आणि त्याला दिवसेंदिवस लागतात. मॉड्यूल उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केलं, कोमट हवेत वाळवलं, पिनांवरचा थर काढला. एक पिन खोलवर खाल्ली गेली होती.

मॉड्यूल बदलावं का, हा प्रश्न मालकांनी विचारला. सरळ उत्तर नाही. त्यात इमोबिलायझरचे कोड असतात आणि ते इंजिनच्या ईसीयूशी जुळलेले असतात. जुनं मॉड्यूल दुसऱ्या गाडीतून आणून नुसतं बसवलं तर गाडी सेल्फ घेणारच नाही. नवं बसवायचं तर कोड हवेत, किंवा जुन्यातली मेमरी वाचून नव्यात उतरवणारा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस हवा. म्हणून चालू असलेलं मॉड्यूल वाचवणं हा पहिला पर्याय, आणि ते चालू आहे तोवर त्यातली मेमरी वाचून जपून ठेवणं हा त्याच्या लगोलगचा. ते पूर्ण मेल्यावर ही मेमरी मिळेलच याची खात्री नसते. परत बसवताना ते तळापासून थोडं उचलून, वायरिंगला ताण पडणार नाही एवढ्या उंचीवर पक्कं केलं. या गाड्यांचे बरेच मालक असंच करतात.

बॅटरीचं काय झालं

खरा दोष सापडला म्हणजे बॅटरी निर्दोष सुटली, असं होत नाही. ती अनेकदा पूर्ण रिकामी होऊन दिवसचे दिवस तशीच पडली होती. लेड सल्फेटचे बारीक कण चार्ज करताना विरघळतात; वेळ गेला की त्यांचे मोठे स्फटिक होतात आणि ते सहजी विरघळत नाहीत. रात्रभर चार्ज केल्यावर तिने १२.६ दाखवले, म्हणून मालकांना ती बरी झाली असं वाटलं. व्होल्टेजवरून फक्त भरलेपण कळतं, पोट केवढं उरलंय ते कळत नाही.

ते कळायला हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब पुरला. बल्ब जोडला, साडेचार अँपिअर वाहू लागले, आणि टर्मिनल १०.५ व्होल्टला येईपर्यंतची वेळ धरली. साडेआठ तास लागले. म्हणजे जेमतेम ३८ अँपिअर-तास, नावावर ७०. एवढ्यावर उन्हाळ्यात गाडी सुरू होईल, थंडीत एखाद्या सकाळी अडेल. ही चाचणी स्वतः बॅटरीला मानवणारी नाही, म्हणून ती संशय असतानाच करावी आणि लगेच पुन्हा पूर्ण चार्ज करावं. बॅटरी बदलायचं ठरलं, पण करंटचा बंदोबस्त झाल्यावर. आधी बदलली असती तर तिचंही हेच झालं असतं.

नवी बॅटरी जोडताना किल्ली हातात ठेवली, कारण पुरवठा आल्यावर काही वेळा दारं स्वतःहून लॉक होतात. मग या गाडीला लागणारे छोटे सोपस्कार: ॲक्सिलरेटरला पाय न लावता इग्निशन एक मिनिट चालू ठेवायचं, दहा सेकंद बंद, मग सेल्फ. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आपली जागा पुन्हा शिकतो. हे केलं नाही तर आयडल वरखाली होतं आणि लोक इंजिनमध्ये दोष शोधत बसतात. दोन्ही काचा पूर्ण वर नेऊन बटण क्षणभर धरून ठेवायचं, म्हणजे दार उघडताना त्या परत खाली सरकू लागतात. रेडिओने कोड मागितला. तो मालकांच्या कागदपत्रांत सापडला. ईसीयूच्या स्वयंचाचण्याही पुसल्या जातात, त्यामुळे लगेच प्रदूषण तपासणीला नेऊ नये. थोडं नेहमीसारखं चालवलं की त्या पूर्ण होतात.

फोम वाळल्यावर मीटर पुन्हा रात्रभर लावला. स्थिर करंट ३६ मिलिअँपिअर. कमाल नोंदही त्याच्या आसपासच, मध्ये एकदाही उसळी नाही. त्यानंतर पावसाच्या दिवसांतच गाडी तीन आठवडे जागची हलली नाही. सुरू करण्याआधी मालकांनी मोजलं तेव्हा १२.४ व्होल्ट होते, म्हणजे ३६ मिलिअँपिअरच्या हिशेबाने जेवढे असायला हवेत तेवढेच. पहिल्याच सेल्फमध्ये इंजिन लागलं.

प्रकरण पूर्ण बंद झालेलं नाही. ती खाल्ली गेलेली पिन अजून तिथेच आहे आणि तिच्यावर माझा भरवसा नाही. मॉड्यूलमधली मेमरी वाचून ठेवली आहे. सेंट्रल लॉकिंग पुन्हा विचित्र वागलं, किंवा पार्क केलेल्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजला, तर मालक आधी बॅटरीकडे जाणार नाहीत. सीट सरकवून गालिच्याखाली हात घालतील. छपराखालची छिद्रं पाहण्याचं काम त्यांनी तेल बदलण्याच्या यादीत लिहून टाकलं आहे, आणि गाडी आता त्या झाडाखाली लावत नाहीत.